गुडघ्याचा फोटो साफ होता

ज्यांचं मूल लंगडतंय आणि एक्स-रे मात्र नॉर्मल आलाय, अशा आईबापांसाठी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या डाव्या खुब्याचा सांधा लहानपणीच गेला आणि तो कसा गेला हे मला ठाऊक आहे, एवढीच माझी पात्रता. रडगाणं गायचं नाही असं ठरवून बसले आहे, पण ते जमेलच असं नाही.

आम्ही मूळचे नागपूरचे. बाबांना लखनौच्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली आणि जानकीपुरममध्ये घर झालं. घरात आई-बाबा मराठी बोलायचे आणि मी हिंदीत उत्तरं द्यायची. मराठी लिहायला शिकले ती आजारपणात, पलंगावर पडल्या पडल्या आईकडून. तेव्हा माझ्याकडे वेळच वेळ होता.

बाबांच्या कामाविषयी आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. बाबांच्या संशोधनाचा विषय सूज. उंदरांच्या पंजांना सूज आणायची, औषध द्यायचं, सूज किती उतरली ते मोजायचं आणि शेवटी त्यांच्या सांध्याचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. आयुष्यभर त्यांनी हेच केलं आणि मन लावून केलं. त्यांच्याच घरात सांधे सुजलेली मुलगी निघावी, याला काय म्हणायचं ते मला आजही कळत नाही.

सकाळी आणि संध्याकाळी

मी चौथीत असताना डावा गुडघा दुखायला लागला. सकाळी उठताना पाय माझा नाहीच असं वाटायचं. संडासात बसता यायचं नाही. भिंत धरून धरून मी तयार व्हायची, शाळेच्या रिक्षापर्यंत आई जवळजवळ उचलून न्यायची. दहा-अकरा वाजले की पाय मोकळा व्हायचा आणि संध्याकाळी मी गल्लीत पोरींबरोबर पळापळी खेळायची.

बाबा सकाळी लवकर निघायचे, ते संध्याकाळी परत यायचे. रविवारी आई मला उशिरापर्यंत पलंगावरच राहू द्यायची. त्यांना दिसायची ती पळणारी मुलगी. आईला दिसायची ती सकाळची. दोघं एकाच पोरीविषयी बोलत होते, पण ती त्यांना वेगवेगळ्या वेळी भेटत होती. मला विचाराल तर अर्धी भांडणं इथेच होती.

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढायला सांगितला. बाबांनी फिल्म खिडकीशी धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, काय सुंदर गुडघा आहे. डॉक्टरही तेच म्हणाले. वाढीचं वय आहे, हाडं वाढतात तशी दुखतात, दूध द्या, उन्हात बसवा. बाबांनी एवढ्यावर सोडलं नाही. दर रविवारी ते शिंप्याच्या टेपने माझे दोन्ही गुडघे मोजायचे. दोन्ही सारखेच भरायचे. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "सूज नाही, बेटा. काही नाही झालं तुला."

मला ते मोजणं आवडायचं, हेही सांगितलं पाहिजे. टेप थंड लागायचा आणि बाबा तेवढा वेळ फक्त माझ्याकडे बघायचे.

काही महिन्यांनी दुसरा एक्स-रे झाला. तोही गुडघ्याचा, तोही साफ.

चौकातला माणूस

शेजारच्या शुक्ला आंटींनी आईला सांगितलं, चौकात, म्हणजे जुन्या लखनौच्या बाजारात, एक मालिशवाला आहे, उतरलेली नस बसवतो. आता आमचं घर कसं ते समजून घ्या. आम्ही बौद्ध. गंडादोरा, उतारा, अंगारा यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. माझे आजोबा हे सगळं सोडून शिकले, त्यांनी बाबांना शिकवलं. "पुरावा काय?" हा आमच्या घरातला रोजचा प्रश्न. भाजीवाला पालक ताजा आहे म्हणाला तरी बाबा विचारायचे, पुरावा काय.

आई एका दुपारी कुणालाही न सांगता मला चौकात घेऊन गेली. चिकनच्या भरतकामाच्या दुकानांमधून रिक्षा जात होती आणि आई माझा हात घट्ट धरून बसली होती. आपण काही चोरायला निघालोय असंच वाटत होतं. त्या माणसाने कोमट तेल लावलं, मांडी पकडली आणि पाय जोराने बाहेरच्या बाजूला पिळला. मी किंचाळले ते गल्लीभर ऐकू गेलं असेल. पुढचे काही दिवस मला पाऊलच टाकता आलं नाही.

तेलाच्या वासावरून बाबांना कळलं. ते कधी ओरडत नाहीत. त्या दिवशीही ओरडले नाहीत, फक्त आईला म्हणाले, "तूसुद्धा अंधश्रद्धाळू निघालीस?" आमच्या घरात याहून मोठी शिवी नाही. आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्यानंतर माझ्या पायाविषयी तिने कित्येक महिने तोंड उघडलं नाही. एका बाजूला दोन साफ फोटो आणि दुसऱ्या बाजूला तेलाची वाटी, असाच मामला झाला होता. त्यात मध्ये उभी राहून 'पण पोरीचं दुखतंय' एवढं म्हणायला तिच्याकडे पुराव्यादाखल काही नव्हतं.

खाली बसणं

रविवारी आम्ही विहारात जायचो. लखनौत नोकरीला आलेली आमच्याकडची दहा-पंधरा कुटुंबं होती, कुणी पोस्टात, कुणी रेल्वेत. जमिनीवर बसून वंदना व्हायची, मग बिस्किटं आणि चहा. बाबा पहिल्या रांगेत ताठ मांडी घालून बसायचे आणि मला शेजारी बसवायचे.

माझी मांडी बसेनाशी झाली. डावा पाय दुमडायचाच नाही, मी तो पुढे पसरून एका कुशीवर बसायची. तथागतांच्या मूर्तीकडे पाय करून बसू नये म्हणून बाबा हळूच माझा पाय आत ढकलायचे. मी दात दाबून धरायची. एकदा नमस्काराला वाकले ती उठताच येईना. दोन बायकांनी काखेत हात घालून मला उचललं. घरी येताना बाबा म्हणाले, शाळेत काही त्रास आहे का? कुणी काही बोलतं का? त्यांना खरोखर वाटत होतं की मला मनाचं काहीतरी आहे. मी हिंदीत म्हणाले, "पापा, घुटना दुखता है।" ते म्हणाले, "गुडघ्यात काही नाही, प्रज्ञा. आपण दोनदा बघितलं."

त्यानंतर मीही सांगणं सोडून दिलं. तुमचं लंगडणारं मूल दुखण्याविषयी बोलायचं थांबलं, तर बरं झालं असं समजू नका.

कुठला फोटो काढला?

लखनौची थंडी बाहेरच्यांना पटत नाही, पण जानेवारीत इथे हाडं गोठतात. अशाच एका सकाळी मी न्हाणीघरात पडले आणि पाय हलवेना. त्या दिवशी धुक्यामुळे बाबा निघालेले नव्हते. त्यांनी मला उचललं तेव्हा मांडी जराशी वळली आणि मी त्यांच्या खांद्याला चावले. इतक्या दिवसांत माझी सकाळ त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

त्यांनी मला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. मुलांचे सांधे बघणाऱ्या डॉक्टर तिथे होत्या, रिझवी मॅडम. लखनौत लहान पोरांनाही 'आप' म्हणतात. मॅडमनी मला विचारलं, "बेटा, इजाजत हो तो मैं आपका पैर जरा घुमाकर देखूँ?" मी हो म्हणाले. मला टेबलावर निजवून त्यांनी गुडघ्याला हातही लावला नाही. पाय अलगद उचलला, गुडघ्यात वाकवला आणि अख्खी मांडी थोडीशी आत वळवली. ती वळलीच नाही. माझं सगळं अंगच पायाबरोबर फिरलं.

बाबांनी दोन्ही फिल्म पुढे केल्या. मॅडमनी त्या पाहिल्या आणि विचारलं, खुब्याचा फोटो कुठे आहे? बाबा म्हणाले, दुखतो तो गुडघा आहे. त्यावर मॅडम म्हणाल्या, "सर, बच्चों में कूल्हे का दर्द बहुत बार घुटने में ही महसूस होता है।"

बाबा टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभे होते. एवढे महिने सगळ्यांनी फोटो काढला तो भलत्याच सांध्याचा, हे मला तेव्हा नीट कळलं नाही, पण त्यांना कळलं. गुडघा मोजता येतो. खुबा इतका आत असतो की सुजला तरी टेपला कळत नाही.

आईच्या पिना

त्याच दिवशी सोनोग्राफी झाली. पोटावर करतात तसंच थंड जेल लावून खुब्यावर यंत्र फिरवलं. पडद्यावर एक काळा पट्टा दिसला. तिथे पाणी भरलंय, डॉक्टर म्हणाले. बाबा पडद्याकडे बघत राहिले आणि त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न न विचारणारे बाबा मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

एमआरआय थोड्या दिवसांनी. लहान मुलाला झोपेचं औषध देतात, मी जरा मोठी होते म्हणून न देता करायचं ठरलं. एकाला आत सोबत थांबता येतं, पण अंगावर लोखंड चालत नाही. आईने बांगड्या काढल्या, कानातलं काढलं, मग साडीच्या पिना. आई पिना इतक्या लावायची की त्या संपेचनात. शेवटी ती एका हाताने पदर आणि एका हाताने निऱ्या धरून उभी राहिली. आतला माणूस हसू दाबत होता, आम्ही दोघीही हसलो. त्या दिवसांतलं एवढं एकच हसू मला आठवतं.

यंत्र आत ठोकठोक वाजतं. हलायचं नसतं, आणि न हलता पडून राहणं हीच तर माझी सगळ्यात दुखरी गोष्ट होती. मध्येच हातातून औषध सोडतात, ते थंडगार वर चढतं. आईने निऱ्या सोडून माझ्या पायाचा अंगठा धरला होता. ती काहीतरी बोलत होती, ऐकू येत नव्हतं. तुमच्या मुलाला त्या बोगद्यात जायचं असेल तर अंगठा धरा. बाकी काही लागत नाही.

रिपोर्टचा दिवस

मॅडमनी चित्रं उजेडाच्या पेटीवर लावली आणि बाबांना समजावायला लागल्या, तर बाबा म्हणाले, "मैं जानता हूँ।" पुढे त्यांनीच बोट ठेवत ठेवत सांगितलं. हे अस्तर सुजलंय. ही कूर्चा, इथे पातळ झाली आहे, इथे उरलेलीच नाही. इथून हाड खायला सुरुवात झाली आहे. उंदरांच्या सांध्यात त्यांनी हे शेकड्याने पाहिलं होतं. माझं नाव वरच्या कोपऱ्यात छापलेलं होतं आणि ते तिकडे बघत नव्हते.

हा लहान मुलांचा संधिवात होता. म्हाताऱ्यांचा रोग पोरांना होतो यावर आमच्या ओळखीत कुणाचाच विश्वास बसला नाही. साध्या एक्स-रेत हाड दिसतं, कूर्चा आणि अस्तर दिसत नाही, आणि मुलांच्या सांध्यात दुखणं सुरू होतं ते तिथेच. एवढं मला समजलंय, ते सांगून टाकलं.

बाबांनी एकच प्रश्न विचारला, सालभर आधी आलो असतो तर? मॅडमनी चित्रं पेटीवरून उतरवली. मग म्हणाल्या, "अब आगे की बात करते हैं, सर।" घरी आल्यावर बाबा गच्चीवर गेले. आई म्हणाली, "जाऊ दे त्यांना." मी खालून बघितलं, ते पाण्याच्या टाकीला टेकून रडत होते. आईने त्यांना त्या दिवशी किंवा नंतर कधीही 'मी म्हणत होते ना' असं म्हटलं नाही. मी तिच्या जागी असते तर दिवसातून दहादा म्हटलं असतं.

नंतरची वर्षं

आठवड्यातून एकदा गोळ्या. शनिवारी त्या घ्यायच्या आणि रविवारभर मळमळत पडायचं, म्हणजे विहार सुटला. नंतर वार बदलला तेव्हा मी पुन्हा जायला लागले, पण जमिनीवर नाही. मागे म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या असायच्या, त्यांतली एक मला मिळाली. पहिल्या रविवारी बाबा पहिली रांग सोडून मागे आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत. तरी ते आजही तिथेच बसतात. मला ते नको असायचं. लोक वळून बघायचे, आणि बाबांना शिक्षा माझ्यामुळे होते आहे असं वाटायचं.

त्यांनी मोजणंही बंद केलं. मला हात लावायलाच ते बिचकायचे. व्यायाम आईने करून घ्यायचा, इस्पितळात आईने न्यायचं, बाबा बाहेरच्या बाकावर. मला आजाराहून हे जास्त लागलं. एकदा मी म्हणालेही, "पापा, इतना भी नहीं दुखता।" ते म्हणाले, "नको बेटा. दुखतं ते सांगत जा." आणि उठून गेले.

औषधांनी बाकीचे सांधे वाचले. डावा खुबा नाही वाचला. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तो बदलला. ज्या वयात मैत्रिणी गाडी शिकत होत्या त्या वयात मी वॉकर धरून चालायला शिकत होते. दुखणं गेलं, हे खरं. पण मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, हे जन्माचं झालं. पंक्तीत बसून जेवायचं नाही. कुणाच्या मयताला गेलं तर सगळे खाली आणि आपण वर. छोट्या गोष्टी आहेत, मला ठाऊक आहे, पण त्यांचं मला दुःख होतं आणि ते अजून संपलेलं नाही.

उजवा

गेल्या दिवाळीत उजवा गुडघा दुखायला लागला.

मला लगेच कळलं. गुडघा दुखतो म्हणजे काय, हे मला आता कुणी सांगायला नको. तरी मी गप्प बसले. बाबा निवृत्तीला आले होते, नुकतेच जरा हसायला लागले होते. एका रविवारी चहा घेताना त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली होती, किती वर्षांनी. मी सांगितलं की ते पुन्हा गच्चीवर जाणार, हे मला दिसत होतं. म्हणून थंडी संपेपर्यंत मी सकाळी त्यांच्याआधी उठायची आणि पाय मोकळा होईपर्यंत न्हाणीघरात नळ सोडून उभी राहायची.

होळीच्या सुमारास जिना उतरता येईना, तेव्हा सांगावंच लागलं. बाबांनी फोटोची गोष्टच काढली नाही. चप्पल घालता घालता त्यांनी एवढंच विचारलं, "केव्हापासून दुखून राहिलं?"

मी म्हणाले, "आज सकाळपासून."

मॅडमना मी एकटी असताना खरं सांगितलं. डॉक्टरशी खोटं बोलू नये, तुम्हीही बोलू नका. त्यांनी एमआरआय पेटीवर लावून मला दाखवलं. अस्तर सुजलं होतं, कूर्चा बरीचशी शाबूत होती, पण एका जागी थोडी झिजली होती. ती जागा आधीच्या चित्रात नव्हती. "यह इन्हीं महीनों का है," मॅडम म्हणाल्या. मग बाबा आत आले. मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांना सांगितलं की औषध बदलू, हा खुबा टिकेल असं वाटतं.

त्या संध्याकाळी बाबांनी नागपूरला काकांना फोन लावला. आई भाजी निवडत होती, मी पाय लांब करून पलंगावर बसले होते. बाबा येरझारा घालत मोठ्याने बोलत होते. इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"नाही रे, या वेळी उशीर नाही केला," ते म्हणत होते. "तिनं सांगितलं, त्याच दिवशी नेलं मी तिला."

आईने हातातली जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. थंडीभर सकाळचा नळ तिलाही ऐकू येत होता. मी मान हलवून नको म्हटलं.

"त्याच दिवशी," बाबा पुन्हा म्हणाले.